पेन अडतं तिथे कीबोर्ड : वाचकांचे प्रश्न

मूल तोंडी सगळं सांगतं, कागदावर मात्र उतरत नाही. मग त्याला टायपिंग शिकवावं का, आणि कशावर? या महिन्याच्या टपालात बरीच पत्रं याच एका प्रश्नाभोवती फिरणारी होती. त्यांतली काही निवडली आहेत. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत आणि पत्रलेखकांची नावं छापलेली नाहीत.

प्रश्न : मुलगा चौथीत, मराठी माध्यम. चार ओळी लिहिल्या की हात दुखतो म्हणतो. अक्षरं ओळ सोडून पळतात, फळ्यावरचं निम्मंच उतरवून होतं. बाईंचं म्हणणं, आळस आहे. ऑक्युपेशनल थेरपिस्टनी (हात-बोटांची रोजची कामं सुधारायला मदत करणारे तज्ज्ञ) टायपिंगचा विचार करा असं सुचवलं आहे. पंधरा हजारांपर्यंत खर्च करायची तयारी आहे. कोणतं यंत्र घ्यावं? — एक आई, भांडुप

उत्तर : यंत्र सर्वांत शेवटी घ्या. आधी एक रविवार मोजणीला द्या. टाइमर, मुलाने वाचलेला एखादा धडा आणि वही एवढंच लागतं. धड्यातला परिच्छेद त्याला पाच मिनिटं हाताने उतरवायला सांगा आणि अक्षरं मोजा. शब्द मोजू नका, कारण 'तो' हाही शब्द आणि 'विद्यार्थ्यांनी' हाही शब्दच. थोड्या विश्रांतीनंतर 'काल दिवसभर काय केलं' हे पाच मिनिटं मनाने लिहू द्या. मग तेच तोंडी सांगायला लावून मोबाइलवर रेकॉर्ड करा. लिहिलेलं पान तीन दिवसांनी घरातल्या अशा माणसाला वाचायला द्या, ज्याने ते लिहिताना पाहिलेलं नाही. तो किती शब्दांवर अडतो ते टिपून ठेवा.

तोंडी भरभरून आणि लेखी जेमतेम, असं दिसलं तर अडचण हाताची किंवा अक्षर घडवण्याची आहे, आणि तिथे टायपिंगचा खरा उपयोग होतो. उतरवताना ठीक पण मनाने लिहिताना कोसळतो, असं असेल तर शुद्धलेखन किंवा मांडणीची अडचण सोबत आहे. कीबोर्डने ती थोडीच हलकी होते, विशेष शिक्षकांची मदत लागतेच. तोंडी सांगतानाही शब्द सापडत नसतील तर टायपिंग हा उपाय नव्हे. पहिली दोन मिनिटं वेग चांगला आणि चौथ्या मिनिटाला घसरण असेल, तर पेन्सिलची पकड, मनगटाची ताकद आणि बसण्याची उंची आधी तपासून घ्या. मुंबई पालिकेच्या केईएम, नायर आणि शीवच्या लोकमान्य टिळक या तिन्ही रुग्णालयांत ऑक्युपेशनल थेरपीचे विभाग आहेत. जाताना हे आकडे आणि ती पानं बरोबर न्या. 'अक्षर वाईट आहे' या वाक्यापेक्षा ती कितीतरी जास्त सांगतात. बाईंच्या 'आळस' या शब्दालाही तेच उत्तर.

आता यंत्र. घरात जुना लॅपटॉप किंवा डेस्कटॉप असेल तर पहिले तीन महिने नवं काही लागत नाही. पाच-सातशे रुपयांचा वायरवाला, पूर्ण आकाराचा साधा कीबोर्ड आणा. दोन शेजारच्या कळांच्या मध्यापासून मध्यापर्यंत साधारण १९ मिलिमीटर अंतर असतं, तेच असू द्या. मुलाचे हात लहान म्हणून लहान कीबोर्ड घेणं ही नेहमीची चूक. ज्याच्या बोटांचा नेम चुकतो त्याला कळा जवळ आणून आणखी अवघड करून ठेवता तुम्ही. मागचे पाय उघडून कीबोर्ड तिरका करू नका. सपाट ठेवला की मनगट सरळ राहतं. कोपर काटकोनात आणि तळवे जमिनीला टेकलेले हवेत. जेवणाच्या टेबलावर बसत असेल तर पायांखाली रद्दीचा घट्ट बांधलेला गठ्ठा पुरतो.

शाळेत न्यायची वेळ आली की वजनाचा विचार करा. २०२० च्या राष्ट्रीय दप्तर धोरणात दप्तराचं वजन मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांपर्यंतच असावं असं म्हटलं आहे. पंचवीस किलोच्या मुलाला अडीच किलो. त्यात दीड किलोचा लॅपटॉप टाकला तर पुस्तकांना उरलं काय? शाळा तयार असेल तर एक कीबोर्ड आणि जुना संगणक वर्गातच ठेवा आणि मुलाच्या दप्तरात फक्त पेनड्राइव्ह जाऊ द्या. टॅबलेट घेणार असाल तर दुकानातच बाहेरचा कीबोर्ड जोडून 'ज्ञानेश्वर', 'दऱ्या' आणि 'बाळ' हे तीन शब्द टाइप करून पाहा. पडद्यावरच्या कळांवर मराठी येतं म्हणजे जोडलेल्या कीबोर्डवरही येईलच असं नाही.

प्रश्न : मराठीसाठी कोणता कीबोर्ड शिकवावा? मोबाइलवर आम्ही इंग्रजी अक्षरांत लिहितो आणि ते आपोआप मराठी होतं, तेच सोपं नाही का? शिवाय लालबागला घराजवळ टायपिंगचा क्लास आहे, तिथे घालावं का? (दोन पत्रं एकत्र) — ठाणे आणि लालबाग

उत्तर : मराठी माध्यमाच्या, तिसरी ते सहावीतल्या मुलाला इन्स्क्रिप्ट ही थेट देवनागरी अक्षरांची कीबोर्ड-मांडणी शिकवा. यावर आमचं मत ठाम आहे.

रोमन अक्षरांतून मराठी लिहायचं म्हणजे एक शब्द दोनदा फोडायचा. 'पाणी' मनात येतं, मग त्याचं इंग्रजी स्पेलिंग, मग पडद्यावर पाणी, पानी, पाणि अशी यादी, त्यातून योग्य शब्द ओळखायचा. 'काल', 'कल' आणि 'कळ' या तिघांनाही रोमन लिपीत जवळपास एकच रूप. लिहायची अडचण असलेल्या बऱ्याच मुलांना वाचायचीही थोडी अडचण असते, आणि त्यांनाच आपण दर शब्दाला यादी वाचायला बसवतो. आठवी-नववीतलं, इंग्रजी टायपिंग सराईत असलेलं मूल असेल तर गोष्ट वेगळी. त्याला ही रोमन अक्षरांतली, म्हणजे फोनेटिक पद्धत चालेल.

इन्स्क्रिप्टची मांडणी आपल्या वर्णमालेवर उभी आहे. स्वर आणि मात्रा डाव्या हाताला, बहुतेक व्यंजनं उजव्या हाताला. क, त, च, ट, प, र या कळा उजव्या हाताच्या मधल्या ओळीत. त्याच कळांवर शिफ्ट दाबलं की क चा ख, त चा थ, च चा छ, ट चा ठ, प चा फ. वरच्या ओळीत ग चा घ, द चा ध, ज चा झ, ड चा ढ, ब चा भ. डाव्या हाताला मात्रा साध्या दाबाने, तोच स्वर सुटा हवा असेल तर शिफ्टसह : ा ची कळ शिफ्टने आ, ि ची इ, ु ची उ. ज्याला बाराखडी येते त्याला निम्मा कीबोर्ड न पाहता सांगता येतो. शिवाय व्यंजन उजवीकडे, मात्रा डावीकडे, त्यामुळे हात आलटून पालटून चालतात आणि एक लय येते.

विंडोजमध्ये सेटिंग्जमधल्या वेळ आणि भाषा या भागात मराठी भाषा जोडा. विंडोजची कळ आणि स्पेसबार एकत्र दाबले की भाषा बदलते. विंडोज, कंट्रोल आणि 'ओ' एकत्र दाबले तर पडद्यावर कीबोर्डचं चित्र येतं, त्यावर अक्षरांच्या जागा दिसतात. लॅमिंग्टन रोडला देवनागरी स्टिकर मिळतात. पण स्टिकर लावले की मान खाली जाते ती कायमची. त्यापेक्षा कीबोर्डचा नकाशा ए-फोर कागदावर छापून पडद्याच्या खालच्या कडेला चिकटवा, म्हणजे नजर वर राहील. बोटांचा समन्वयच फार कमी असेल आणि न पाहता टायपिंग येणं अवघड दिसत असेल, तर मात्र खुशाल स्टिकर लावा, दोन रंगांत : मात्रांना एक, व्यंजनांना दुसरा.

सराव रोज दहा मिनिटं, आठवड्यातून पाच दिवस. रविवारी सलग तास घालण्याने हात दमतो आणि मूल कंटाळतं, बाकी काही होत नाही. सुरुवात फक्त मधल्या ओळीने करा : कप, तर, पट, चोर, पोट, टोक. याच ओळीत पाय मोडायची कळही आहे, इंग्रजी 'डी'च्या जागी. म्हणून जोडाक्षर पहिल्याच आठवड्यात शिकवता येतं : प, त, पाय मोडा, र म्हणजे 'पत्र'. मग 'चित्र'. इथे एक खाचखळगा आहे. हाताने 'चि' लिहिताना मूल वेलांटी आधी काढतं, इन्स्क्रिप्टमध्ये मात्र च आधी आणि वेलांटी नंतर, उच्चाराच्या क्रमाने. मुलाने सवयीने वेलांटी आधी दाबली तर पडद्यावर टिंबांचं वर्तुळ दिसतं. ओरडू नका. ते वर्तुळ म्हणजे 'अक्षर आधी' एवढाच निरोप, हे त्याला एकदा समजावून सांगा.

मधली ओळ बसली की वरच्या ओळीतले काना, दुसरी वेलांटी आणि दुसरा उकार घ्या (काका, पाटी, चूक), मग ग, द, ज, ड, ब, ह, आणि शेवटी खालची ओळ : म, न, व, ल, स, य आणि अनुस्वार. यानंतर मध्य रेल्वेची स्टेशनं घ्या. दादर, माटुंगा, सायन, नाहूर, मुलुंड, कांजूरमार्ग, विद्याविहार यांना शिफ्ट एकदाही लागत नाही. परळ, विक्रोळी, कळवा, भांडुप, घाटकोपर यांना एकदा लागतं आणि ठाण्याला दोनदा. लोकलने जाणारी मुलं हा सराव कुरकुर न करता करतात. र ची तीन रूपं मात्र वेगळी बसून शिकवा : 'सूर्य'मध्ये र, पाय मोडा, य, 'पत्र'मध्ये र शेवटी, आणि 'दऱ्या'साठी शिफ्टसह र घेऊन मग पाय मोडा आणि य. शिफ्ट आणि वरच्या आकड्यांवर त्र, ज्ञ, क्ष, श्र तयार मिळतात. ते घाईच्या वेळेसाठी ठेवा, आधी जोडून करता आले पाहिजेत.

मराठीला कळा जास्त दाबाव्या लागतात, ही तक्रार आम्हाला पटत नाही. 'विद्यार्थी' इन्स्क्रिप्टमध्ये शिफ्ट सोडून दहा दाबांत होतो; रोमनमध्ये नऊ अक्षरं आणि वर यादीतून निवड.

टायपिंग क्लासबद्दल : सरकारी टंकलेखन परीक्षेची तयारी करून घेणाऱ्या बहुतेक क्लासमध्ये रेमिंग्टन मांडणी शिकवतात. ती जुन्या टंकयंत्रावरून आली आहे. तिथे वेलांटी खरोखरच व्यंजनाच्या आधी दाबायची आणि अर्ध्या अक्षरांच्या वेगळ्या कळा. त्या परीक्षेला आणि नोकरीला ती ठीक आहे. दहा वर्षांच्या मुलाला वर्णमालेशी संबंध नसलेल्या जागा पाठ करायला लावण्यात अर्थ नाही, आणि मिनिटाला तीस शब्दांच्या वेगाची त्याला गरजही नाही. त्याचं लक्ष्य एकच : टायपिंगचा वेग त्याच्या हाताच्या वेगाला गाठतो का. दर पंधरा दिवसांनी तीच पाच मिनिटांची मोजणी करा. गाठेपर्यंत वर्गात नेऊ नका. हातापेक्षा हळू असलेलं यंत्र वर्गात नेलं की मूल दोनदा मागे पडतं, आणि मग ते यंत्रालाच नको म्हणतं.

फाँट युनिकोडच, म्हणजे कोणत्याही संगणकावर मराठीच दिसणारा, ठेवा. श्रीलिपी किंवा कृतिदेवमध्ये केलेली फाइल बाईंच्या संगणकावर उघडली की इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते. विंडोजच्या मंगलमध्ये ल आणि श हिंदी वळणाचे असतात. पाठ्यपुस्तकातलं वळण ओळखायला शिकणाऱ्या मुलाला त्याने गोंधळायला होतं. राज्य मराठी विकास संस्थेच्या यशोमुद्रासारखा मराठी वळणाचा फाँट घ्या, आकार सोळा, ओळींत दीडपट अंतर.

प्रश्न : अमेरिकेतल्या भाच्याने त्याच्या मुलाचं जुनं 'अल्फास्मार्ट निओ' पाठवलं आहे. नातीला, सहावी सेमी-इंग्रजी, उपयोगी पडेल का? — एक आजोबा, गिरगाव

उत्तर : इंग्रजीसाठी उत्तम, मराठीसाठी निरुपयोगी. हे यंत्र म्हणजे कीबोर्ड, वर काही ओळींचा काळा-पांढरा पडदा आणि आठ फाइलींच्या आठ कळा. इंटरनेट नाही, खेळ नाहीत, चालू केलं की लगेच लिहायला तयार. याच कारणांनी परदेशातल्या शाळांत ते लोकप्रिय होतं. निओ २००४ मध्ये आलं, उत्पादन २०१३ मध्ये थांबलं. तीन डबल-ए सेलवर सातशे तास चालतं असा उत्पादकांचा दावा होता. वर्गातला प्लग ही ज्यांची पहिली अडचण असते, त्यांना याचं मोल कळेल.

आधी सेलचा कप्पा उघडा. सेल वर्षानुवर्षं आत राहिले असतील तर गळून स्प्रिंगवर पांढरा-हिरवा थर आलेला असतो. कापसाच्या बोळ्याला किंचित व्हिनेगर लावून थर काढा, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा आणि पूर्ण वाळल्यावरच नवे सेल घाला. संगणकाला जोडायला प्रिंटरची चौकोनी तोंडाची यूएसबी केबल चालते. वर्डचं कोरं पान उघडून यंत्रावरची सेंड ही कळ दाबली की मजकूर एकेक अक्षराने, जणू कोणी टाइप करतंय तसा, संगणकावर उमटतो. त्या वेळी संगणकाची भाषा इंग्रजीवर हवी. मराठीवर राहिली असेल तर नातीचा इंग्रजी निबंध देवनागरी कचरा होऊन उतरेल, कारण यंत्र अक्षर नव्हे, कळेची जागा पाठवतं. हीच युक्ती उलटी वापरून त्यावर मराठी करता येईल असं वाटतं, पण मुलीला समोरच्या पडद्यावर रोमन अक्षरंच दिसणार. स्वतःचं लिहिलेलं वाचता येणार नसेल तर ते लिहिणं कसलं?

प्रश्न : माझ्या वर्गात चव्वेचाळीस मुलं. एका मुलीने लॅपटॉप आणायचा म्हटलं तर आवाज, चार्जिंग, इतरांची नजर, वह्या तपासणं, सगळंच अवघड वाटतं. नाही म्हणायची इच्छा नाही, पण जमवायचं कसं? — एक शिक्षिका, परळ

उत्तर : एका तासापासून सुरुवात करा, म्हणजे महिनाभर फक्त परिसर अभ्यास किंवा मराठी. मुलीला भिंतीकडेच्या बाकावर बसवा, पडदा तुम्हाला दिसेल आणि मागच्यांना दिसणार नाही असा. प्लगजवळ बसवायच्या नादात तिला दाराशी किंवा शेवटच्या बाकावर टाकू नका. लॅपटॉप घरून पूर्ण चार्ज करून आणायचा, वायर वर्गात नकोच. वेगळा कीबोर्ड असेल तर खाली दुमडलेला नॅपकिन घाला, टकटक निम्म्याने कमी होते.

काय टाइप करायचं हे लिहून ठरवा. दीर्घोत्तरं, निबंध, पत्रलेखन कीबोर्डवर. एका शब्दाची उत्तरं, जोड्या, आकृत्या, नकाशे पुस्तकात हातानेच. फळ्यावरचं उतरवणं टायपिंगने सोपं होत नाही, कारण तिथे अडचण नजर फळ्यावरून परत आणून जागा शोधण्याची असते. त्यासाठी फळ्याचा फोटो किंवा शेजारणीच्या वहीची झेरॉक्स द्या. बालभारतीची पुस्तकं पीडीएफ स्वरूपात मिळतात. स्वाध्यायाचे प्रश्न त्यातून घेतले की तिला प्रश्न पुन्हा लिहावे लागत नाहीत.

वही तपासायला सोपी अशी : पान ए-फाइव्ह आकारात, म्हणजे १४.८ बाय २१ सेंटिमीटर, छापून वहीत चिकटवायचं. कांडीचा गोंद वापरा. पातळ डिंकाने पावसाळ्यात पानं फुगतात आणि वही पंख्यासारखी उघडी राहते. फाइलीचं नाव तारीख आणि विषय एवढंच ठेवा. शब्दलेखन तपासणारी सोय भाषेच्या तासाला बंद, इतर विषयांना चालू. इतर मुलं 'तिलाच का' विचारतील. 'चष्मा ज्याला लागतो तो लावतो' एवढं पुरतं, पुढच्या आठवड्यात त्यांना आठवणही राहत नाही.

प्रश्न : मुलगा नववीत, डिसग्राफियाचं (लिहिण्यातल्या अध्ययन अक्षमतेचं) प्रमाणपत्र आहे. दहावीचा पेपर टाइप करून देता येतो का? — एक वडील, गोरेगाव

उत्तर : तुम्ही मंडळ लिहिलेलं नाही, म्हणून दोन्ही सांगतो. सीबीएसईने २०१८ मध्येच संगणकाला परवानगी देणारं परिपत्रक काढलं. विद्यार्थ्याने स्वतःचा, फॉरमॅट केलेला संगणक किंवा लॅपटॉप आणायचा, केंद्रावरचे संगणक शिक्षक तो तपासणार, इंटरनेट नाही, वापर उत्तरं टाइप करणं, प्रश्न मोठ्या अक्षरात पाहणं किंवा ऐकणं एवढ्यापुरता. संगणक वापरण्याची शिफारस वैद्यकीय प्रमाणपत्रात हवी. नुसतं 'डिसग्राफिया' लिहिलेलं पुरत नाही, म्हणून ते वाक्य आजच पाहून घ्या.

राज्य मंडळात लेखनिक आणि वाढीव वेळ या रुळलेल्या सवलती आहेत. संगणकासाठी शाळेमार्फत वाशीच्या मुंबई विभागीय मंडळाकडे लेखी परवानगी मागावी लागते. अर्जाला कायद्याचा आधार आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये अध्ययन अक्षमतेत डिसग्राफियाचा स्पष्ट उल्लेख आहे, आणि कलम १७ परीक्षापद्धतीत योग्य बदल करायला सांगतं. केंद्राच्या २९ ऑगस्ट २०१८ च्या लेखी परीक्षांच्या मार्गदर्शक सूचनांत संगणकावर उत्तरं देण्याचा पर्याय आणि तासाला किमान वीस मिनिटं वाढीव वेळ होता. दिव्यांगत्वाची टक्केवारी चाळीसच्या खाली आहे म्हणून कोणी परत पाठवलं तर सर्वोच्च न्यायालयाचा ११ फेब्रुवारी २०२१ चा निकाल दाखवा. लिहिताना हात आखडणाऱ्या एका उमेदवाराला लेखनिक देताना न्यायालयाने ती अट लावायला नकार दिला, आणि त्यानंतर १० ऑगस्ट २०२२ ला केंद्राने अशा उमेदवारांसाठी वेगळ्या सूचना काढल्या. प्रमाणपत्राची मुदतही पाहा. केंद्राच्या दिव्यांगत्व मोजण्याच्या २०१८ च्या वेगळ्या सूचनांत अध्ययन अक्षमतेची पुनर्तपासणी चौदाव्या आणि अठराव्या वर्षी ठरवली होती, आणि नववी म्हणजे नेमकं चौदावं. नायर आणि शीवच्या रुग्णालयांतल्या तपासण्या एका भेटीत आटपत नाहीत, म्हणून दहावीच्या फॉर्मची वाट पाहू नका.

कागदांपेक्षा जास्त वजन सवयीला असतं. नववीच्या घटक चाचणीपासून प्रत्येक पेपर टाइप करूनच द्यायला सांगा आणि मुख्याध्यापकांच्या परवानगीच्या प्रती एका फाइलीत लावत जा. वर्षभर लेखनिक घेतलेल्या मुलाने मार्चमध्ये अचानक लॅपटॉप मागितला तर कोणीही भुवया उंचावणारच. परीक्षेच्या लॅपटॉपवर वेगळं युजर खातं काढा. शब्दलेखन तपासणी बंद, वायफाय बंद. वर्डमध्ये आपोआप जतन होण्याचा काळ मुळात दहा मिनिटं असतो, तो एक मिनिट करा. सोबत जास्तीचा वायरवाला कीबोर्ड, चार्जर आणि पाच मीटरची एक्स्टेन्शन. उत्तरांची छापील प्रत कुठे आणि कोणासमोर काढायची, हे केंद्रप्रमुखांशी आधी बोलून घ्या. छपाईच्या वेळी होणारा गोंधळ दमलेल्या मुलाला झेपत नाही.

प्रश्न : मुलीला सेरेब्रल पाल्सी (मेंदूच्या इजेमुळे हालचालींवर ताबा कमी असणं) आहे, उजवा हात थरथरतो, डावा फारसा चालत नाही. एक कळ दाबायला जाते तर तीन दाबल्या जातात, नाहीतर 'ककककक' येतं. — एक आई, मुलुंड

उत्तर : दोन वेगळ्या अडचणी आहेत, उपायही दोन.

तीन कळा दाबल्या जातात त्यावर कीगार्ड. कीबोर्डवर बसणारी, प्रत्येक कळेवर भोक असलेली ॲक्रिलिकची पाटी. हात तिच्यावर टेकवून बोट भोकातून खाली घालायचं. तयार मिळाली नाही तर लेझर कटिंग करणाऱ्याकडून करून घेता येते. कीबोर्ड झेरॉक्सच्या काचेवर पालथा ठेवून शंभर टक्के आकारात प्रत काढा, पट्टीने मोजून खात्री करा, आणि ती नमुना म्हणून द्या. कीबोर्ड पालथा ठेवला तरी प्रतीत डावं-उजवं उलटत नाही, हे कारागिराला आवर्जून सांगा. जाडी तीन मिलिमीटर, भोकं चौदा-पंधरा मिलिमीटरची, कडा घासून गुळगुळीत. पाटी कळांना न टेकता जेमतेम वर राहायला हवी. टेकली तर हाताच्या वजनाने कळा दाबल्या जातात, फार वर राहिली तर बोट तळाशी पोचत नाही. चिकटवू नका, व्हेल्क्रो लावा, कारण आत धूळ आणि बिस्किटाचा चुरा जाणारच. कीबोर्ड सरकू नये म्हणून खाली जाळीदार रबरी चटईचा तुकडा.

'ककककक' वर उपाय विंडोजमध्येच आहे. ॲक्सेसिबिलिटीतल्या कीबोर्ड विभागात फिल्टर कीज चालू करा. त्यात तीन सोयी आहेत : कळ ठराविक वेळ दाबून ठेवली तरच अक्षर येणं, तीच कळ लगेच पुन्हा दाबली तर ती धरली न जाणं, आणि दाबून ठेवल्यावर अक्षर पुन्हा पुन्हा येणं बंद होणं. तिन्ही एकदम लावू नका. आधी तिसरी, आठवड्याने दुसरी, आणि गरज वाटली तरच पहिली, कारण पहिलीने वेग फार पडतो. सोबत स्टिकी कीज हव्याच. इन्स्क्रिप्टमध्ये ख, घ, ण, ळ, श सगळ्यांना शिफ्ट लागतं आणि एका हाताने दोन कळा धरणं तिला शक्य नाही. स्टिकी कीजमध्ये शिफ्ट दाबून सोडायचं, मग अक्षर. शिफ्ट दोनदा दाबलं गेलं तर ते अडकून राहतं आणि प्रत्येक क चा ख व्हायला लागतो. तिसऱ्यांदा दाबलं की सुटतं.

वर सांगितलेल्या दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम १७ मध्येच, ठरवून दिलेल्या प्रमाणात म्हणजे चाळीस टक्के किंवा अधिक दिव्यांगत्व असलेल्या विद्यार्थ्याला अठराव्या वर्षापर्यंत योग्य साहाय्यक साधनं मोफत देण्याची तरतूद आहे. पालिकेच्या शाळेत असेल तर समग्र शिक्षा अभियानाच्या विशेष शिक्षकांकडे लेखी मागणी करा आणि पोच घ्या.

प्रश्न : टायपिंग दिलं की हस्ताक्षर कायमचं जाईल ना? — बोरिवली

उत्तर : रोज दहा मिनिटं हाताने लिहिणं चालू ठेवा. सही, फॉर्म, सामानाची यादी, दोन ओळींची चिठ्ठी एवढं हाताने वाचनीय यायला हवं. निबंध हाताने लिहिलाच पाहिजे हा हट्ट सोडला की तेवढं बहुतेकांना जमतं.

प्रश्न : त्यापेक्षा बोलून टाइप करणं बरं नाही का? — डोंबिवली

उत्तर : घरी कच्चा मसुदा करायला बरं. वर्गाच्या गोंगाटात चालत नाही, परीक्षेत इंटरनेट नसतो, आणि विरामचिन्हं शेवटी हातानेच घालावी लागतात.

प्रश्न : गणिताचं काय? — कांदिवली

उत्तर : सातवीपर्यंत गणित टाइप करू नका. एक सेंटिमीटर चौकोनांची वही द्या, एका चौकोनात एक अंक, हातचा वरच्या चौकोनात. रकाने सरळ राहिले की निम्म्या चुका तिथेच थांबतात. पुढे बीजगणितासाठी वर्डमध्ये ऑल्ट आणि बरोबरचं चिन्ह दाबलं की समीकरणाची चौकट उघडते. भूमिती मात्र कागदावरच.

प्रश्न : दर पावसाळ्यात कीबोर्ड बिघडतो. मध्येच मेल्यासारखा होतो, कधी मराठीऐवजी इंग्रजी येतं. दुकानदार नवाच घ्या म्हणतो. — वडाळा

उत्तर : यातलं निम्मं पावसाचं नाही. उजवं शिफ्ट आठ सेकंद दाबून राहिलं की फिल्टर कीज चालू करायचा प्रश्न पडद्यावर येतो, आणि मूल घाईत हो म्हणून टाकतं. मग भरभर दाबलेल्या कळा संगणक धरत नाही आणि कीबोर्ड मेल्यासारखा वाटतो. विचार करताना शिफ्टवर बोट ठेवून बसणारी मुलं हे हमखास करतात. शिफ्ट लागोपाठ पाच वेळा दाबलं तर तसाच स्टिकी कीजचा प्रश्न येतो. गरज नसेल तर दोन्हींचे शॉर्टकट सेटिंग्जमधून बंद करा. मराठीऐवजी इंग्रजी येण्याचं कारण बहुतेक वेळा चुकून दाबलेलं ऑल्ट आणि शिफ्ट. अक्षरांऐवजी चौकोन दिसले तर त्या संगणकावर देवनागरी फाँट नाही.

खरंच पाणी गेलं असेल तर लगेच वायर काढा, कीबोर्ड पालथा करा आणि पंख्याखाली दोन दिवस ठेवा. तांदळाच्या डब्यात घालून काही होत नाही, आणि हेअर ड्रायरच्या गरम हवेने आतली पातळ प्लास्टिकची पटलं वाकतात. चहा सांडला तर साखरेमुळे कळा चिकटतात. वायरवाला स्वस्त कीबोर्ड असेल तर स्क्रू काढून ती पटलं साध्या पाण्याने धुऊन, पूर्ण वाळवून परत बसवता येतात. जून ते सप्टेंबर कीबोर्ड रात्री झिपच्या पिशवीत सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवा आणि पुड्या महिन्याने बदला. नवा घेतलात तरी त्याच बनावटीचा घ्या. एंटर आणि शिफ्टची लांबी बदलली की मुलाचं बोट आठवडाभर चुकीच्या जागी जातं.